कोऱ्या आकाशाचे छायाचित्र

मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे एक छायाचित्र तुमच्यासमोर ठेवले आहे अशी कल्पना करा. दुर्बिणीच्या मागे खास कॅमेरा बसवून, पाच-पाच मिनिटांची अनेक चित्रे एकत्र करून ते तयार केले आहे. मधोमध तेजोमेघ छान दिसतो आहे. पण चित्राचे चारही कोपरे काळवंडलेले आहेत. डाव्या बाजूला बांगड्यांसारखी तीन-चार पुसट वर्तुळे आहेत. खालच्या अंगाला एक अंधूक डाग आहे. यातले आकाशात काय आहे आणि कॅमेऱ्यात काय आहे? तो डाग म्हणजे ताऱ्यांमधल्या धुळीचा ढग, की काचेवर बसलेला आपल्याच रस्त्यावरच्या धुळीचा कण?

नुसते पाहून याचे उत्तर देता येत नाही. त्यासाठी आणखी एक छायाचित्र लागते. त्या छायाचित्रात तारे नसतात, तेजोमेघ नसतो, काहीच नसते. असतो तो फक्त सगळीकडे सारखा पसरलेला पांढरा प्रकाश. या कोऱ्या चित्राला खगोल-छायाचित्रकार ‘फ्लॅट’ म्हणतात. आपण त्याला समप्रकाश चित्र म्हणू. ते का घ्यायचे आणि चांगले कसे घ्यायचे, हे आज पाहू.

मोजमापाच्या दोन खोटी

वाण्याचा जुना तराजू तुम्ही पाहिला असेल. दोन्ही पारडी रिकामी असतानाही एक पारडे किंचित खाली राहते. या फरकाला पासंग म्हणतात. समजा पासंग वीस ग्रॅमचा आहे. मग एक किलो तांदूळ तोला किंवा पाच किलो, चूक वीस ग्रॅमचीच. ती वजाबाकीने दुरुस्त होते.

आता दुसरी खोट पाहा. भात मोजण्याचे माप ठोकर लागून चेपले आहे आणि त्यात एक दशांश धान्य कमी मावते. दहा मापे मोजली तर एका मापाची तूट, शंभर मोजली तर दहा मापांची. येथे चूक मालाच्या प्रमाणात वाढत जाते. ही वजाबाकीने सुटत नाही. तिला भागाकारच हवा.

खगोल-छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यात या दोन्ही खोटी असतात. पासंग काढण्यासाठी दुर्बिणीचे तोंड झाकून चित्र घेतात, ते अंधारचित्र. चेपलेल्या मापाची खोट काढण्यासाठी लागते ते समप्रकाश चित्र. हा फरक पक्का ध्यानात ठेवा. पुढचे सारे त्यावरच उभे आहे.

लक्षावधी मापांचा कॅमेरा

कॅमेऱ्याच्या आत फिल्मच्या जागी सिलिकॉनची एक चकती असते. तिला संवेदक म्हणतात. तिच्यावर बारीक चौकटी आखल्यासारखे पिक्सेल असतात. पिक्सेलवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटे होतात, ते साठतात आणि शेवटी त्यांची मोजणी होऊन प्रत्येक पिक्सेलसाठी एक संख्या मिळते. अशा संवेदकांपैकी ‘सीसीडी’ हा प्रकार १९६९ साली विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत शोधला. त्यासाठी २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

आपल्या पुणे जिल्ह्यातच याचे उत्तम उदाहरण आहे. पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेची दोन मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण गिरवली गावाजवळच्या डोंगरमाथ्यावर २००६ साली सुरू झाली. तिच्यासाठी बनवलेल्या एका उपकरणातील सीसीडीवर २०४८ ओळी आणि प्रत्येक ओळीत २०४८ पिक्सेल आहेत. गुणाकार करा: ४१ लाख ९४ हजार ३०४ मापे झाली! ही सगळी मापे तंतोतंत सारखी असतील का? शक्यच नाही. म्हणून एवढ्या मोठ्या दुर्बिणीवरही निरीक्षकांना संधिप्रकाशात कोऱ्या आकाशाची चित्रे घ्यावी लागतात. हौशी निरीक्षकाच्या लहान दुर्बिणीला त्यातून सूट कशी मिळणार?

खगोल-छायाचित्रणात अनेकजण कृष्णधवल कॅमेरा पसंत करतात. रंगीत कॅमेऱ्यात प्रत्येक पिक्सेलवर तांबडी, हिरवी किंवा निळी काच कायमची बसवलेली असते. त्यामुळे पुष्कळ प्रकाश वाया जातो. कृष्णधवल कॅमेऱ्यात तशी काच नसते. त्याच्यापुढे एका फिरत्या चक्रात वेगवेगळे फिल्टर बसवतात आणि एकेका रंगाचे चित्र स्वतंत्र घेतात. हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या तांबड्या प्रकाशासाठी तर अगदी अरुंद पट्ट्याचा खास फिल्टर मिळतो. सोय मोठी आहे, पण काचा वाढल्या की धूळ बसण्याच्या जागाही वाढतात!

कॅमेऱ्यातील खोट तीन प्रकारची असते. पहिली, कोपऱ्यांचा काळोख. दुर्बिणीची नळी, फिल्टरची कडा अशा भागांमुळे संवेदकाच्या कोपऱ्यांना मध्यभागापेक्षा कमी प्रकाश पोहोचतो. दुसरी, धुळीच्या सावल्या. परावर्ती दुर्बिणीत मुख्य आरशासमोर दुसरा छोटा आरसा असतो. त्याच्यामुळे मधला प्रकाश अडतो, म्हणून धुळीच्या कणाची सावली भरीव न पडता बांगडीसारखी पडते. भिंगाच्या दुर्बिणीत ती भरीव चकतीसारखी दिसते. तिसरी, खुद्द पिक्सेलांचा कमी-अधिकपणा. शेजारी-शेजारी असूनही दोन पिक्सेल सारख्याच प्रकाशाला थोडा वेगळा प्रतिसाद देतात.

भागाकाराची गंमत

आता चार पिक्सेलांचे एक छोटे गणित करू. समजा आकाशातून चौघांवरही १००० एवढाच प्रकाश यायला हवा होता. पण खोटींमुळे आकडे असे आले:

१०००, ९००, ८००, ९५०.

त्याच कॅमेऱ्याने सारख्या प्रकाशाचे चित्र घेतले, तेव्हा त्याच पिक्सेलांनी दाखवले:

३००००, २७०००, २४०००, २८५००.

या दुसऱ्या ओळीला ३०००० ने भागा. मिळेल १, ०.९, ०.८, ०.९५. ही झाली प्रत्येक मापाची खोट. आता पहिल्या ओळीतील प्रत्येक आकड्याला त्याच्या खोटीने भागा. चारही ठिकाणी १०००! कोपऱ्यांचा काळोख, धुळीची वर्तुळे, सारे पुसले गेले.

पण पासंग काढायला विसरलो तर? समजा कॅमेऱ्याने प्रत्येक आकड्यात स्वतःचे ५०० मिळवले आहेत. मग आकाशाचे आकडे १५००, १४००, १३००, १४५० असे येतील. त्यांना तसेच खोटीने भागले, तर सुमारे १५००, १५५६, १६२५, १५२६ अशी उत्तरे येतात. ज्या कोपऱ्यात काळोख होता तो आता सर्वांत उजळ झाला! म्हणजे रोग गेला आणि औषधाचाच त्रास सुरू झाला. म्हणून नियम असा: आधी वजाबाकी, मग भागाकार. समप्रकाश चित्रांतूनही त्यांचा पासंग वजा करावा लागतो. त्यासाठी समप्रकाश चित्राला जितके सेकंद दिले, तितक्याच सेकंदांची अंधारचित्रे घ्यायची.

समप्रकाश आणायचा कोठून?

सगळीकडे सारखा प्रकाश, हे म्हणणे सोपे, मिळवणे अवघड. पुण्याच्या दक्षिणेस, भोर तालुक्यात नीरा नदीच्या काठी वसलेल्या सारोळे गावाचे उदाहरण घेऊ. पुणे-सातारा महामार्ग येथून जातो. नदी ओलांडली की सातारा जिल्हा आणि शिरवळचा कारखान्यांचा पट्टा लागतो. उत्तरेच्या क्षितिजावर पुण्याच्या दिव्यांची प्रभा. अशा ठिकाणी रात्रीच्या आकाशाचा उजेड सर्व बाजूंना सारखा कसा असणार? उत्तरेकडे एक, दक्षिणेकडे दुसरा, डोक्यावर तिसरा. म्हणून रात्रीचे आकाश समप्रकाशासाठी उपयोगाचे नाही. समप्रकाश मिळवण्याचे तीन चांगले मार्ग आहेत.

पहिला मार्ग संधिप्रकाशाचा. सूर्यास्तानंतर काही मिनिटांनी आकाश निरभ्र असेल, तर डोक्यावरून जरा पूर्वेकडे झुकलेला आकाशाचा भाग बराचसा एकसारखा उजळलेला असतो. पहाटे हाच भाग पश्चिमेकडे झुकलेला घ्यायचा. पण आपल्या अक्षांशावर सूर्य झपाट्याने क्षितिजाखाली जातो आणि आकाशाचा उजेड दर काही मिनिटांना निम्मा होतो. त्यामुळे चित्रागणिक उद्‌भासनाचा काळ, म्हणजे कॅमेऱ्यावर प्रकाश पडू देण्याचा वेळ, वाढवत न्यावा लागतो. फिल्टरचा क्रमही ठरवून ठेवावा. संध्याकाळी सर्वांत कमी प्रकाश सोडणारा, म्हणजे हायड्रोजनचा फिल्टर आधी, मग रंगीत, आणि सर्वांत शेवटी स्वच्छ पारदर्शक. पहाटे नेमका उलट क्रम. दोन चित्रांच्या मध्ये दुर्बीण किंचित हलवावी. मग एखादा तारा चित्रात आलाच, तर प्रत्येक वेळी निराळ्या पिक्सेलवर येईल. सर्व चित्रांतील त्या-त्या पिक्सेलचे आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला आकडा घेतला, की तारा आपोआप वगळला जातो.

दुसरा मार्ग घरगुती. धोतराचे किंवा मलमलीचे धुतलेले, पांढरे, सुरकुती नसलेले कापड दुहेरी करून दुर्बिणीच्या तोंडावर ताणून बांधावे आणि दुर्बीण सांजच्या किंवा सकाळच्या आकाशाकडे करावी. आकाशात थोडा असमानपणा असला तरी कापड प्रकाश विखरून तो पुष्कळसा कमी करते. मात्र दुर्बीण सूर्याच्या जवळपासही वळवू नये. तिच्यातून सूर्याकडे पाहिले तर डोळा क्षणात कायमचा जाऊ शकतो आणि कॅमेराही जळतो.

तिसरा मार्ग प्रकाशपाटाचा. चित्रे गिरवण्यासाठी एलईडीचा सपाट पाट मिळतो. तो दुर्बिणीच्या तोंडावर ठेवायचा. पाट फार उजळ असेल तर मध्ये पांढरे कागद घालायचे. येथे एक खबरदारी आहे. असे अनेक दिवे डोळ्यांना स्थिर वाटले तरी भराभर मिचकत असतात. आपला विजेचा पुरवठा ५० हर्ट्‌झचा आहे, त्यामुळे त्यावर चालणारा साधा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होऊ शकतो. उद्‌भासन शंभरांश सेकंदाहून कमी ठेवले तर एका चित्रात मिचकीचा उजळ भाग येईल, दुसऱ्यात मंद. संवेदकाच्या वरच्या-खालच्या ओळी वेगवेगळ्या क्षणी वाचल्या जात असतील, तर चित्रात पट्टेही उमटतात. एक-दोन सेकंदांचे उद्‌भासन दिले की शेकडो मिचक्यांची सरासरी होते आणि फरक उरत नाही.

मोठ्या वेधशाळांत घुमटाच्या आतल्या पांढऱ्या पडद्यावर दिवे टाकून हेच काम करतात. हबल अवकाश दुर्बिणीला तर ना संधिप्रकाश, ना घुमट! तेव्हा तिच्या एका कॅमेऱ्यासाठी खाली झपाट्याने सरकणाऱ्या पृथ्वीचीच चित्रे घेतली गेली. ढग आणि समुद्र त्यांत रेषांसारखे फासले जातात. अशा अनेक चित्रांतून सारखा प्रकाश हाती लागतो.

किती उजळ आणि किती चित्रे?

समप्रकाश चित्र फार काळे असेल तर त्यात गोंगाट जास्त. फार उजळ असेल तर पिक्सेल तुडुंब भरतो आणि त्याचा आकडा प्रकाशाच्या प्रमाणात राहत नाही. म्हणून मध्यम मार्ग बरा. ज्या कॅमेऱ्यातील सर्वांत मोठी संख्या ६५५३५ असते, त्यावर चित्राची सरासरी २५ ते ३० हजारांच्या आसपास ठेवावी.

एकच चित्र का पुरत नाही? प्रकाश कणाकणाने येतो आणि कण काही मोजून-मापून येत नाहीत. सरासरी २५००० इलेक्ट्रॉन जमायचे असतील तर दर वेळी साधारण त्या संख्येच्या वर्गमूळाइतका, म्हणजे सुमारे १५८ चा, चढउतार होतो. ही चूक ०.६३ टक्के झाली. अशी २५ चित्रे घेऊन त्यांची सरासरी काढली, तर चूक २५ च्या वर्गमूळाने, म्हणजे पाचपटीने कमी होते: सुमारे ०.१३ टक्के. म्हणून दर फिल्टरमागे वीस-तीस चित्रे घेण्याची पद्धत आहे. शाळेत शिकलेले वर्गमूळ असे कामाला येते!

धुळीचा कण बसला आहे कोठे?

सावलीच्या आकारावरून कणाचा पत्ता काढता येतो. समजा दुर्बिणीच्या भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासापेक्षा तिचे नाभीय अंतर पाचपट आहे. तेव्हा प्रकाशाचा शंकू दर ५ मिलिमीटरला १ मिलिमीटरने निमुळता होत संवेदकावर एका बिंदूत येतो. समरूप त्रिकोणांच्या नियमाने:

कणाचे संवेदकापासून अंतर = सावलीचा व्यास × ५.

एका कॅमेऱ्यात पिक्सेलची रुंदी ०.००३७६ मिलिमीटर आहे आणि वर्तुळाचा व्यास १०० पिक्सेल भरला. म्हणजे ०.३७६ मिलिमीटर. त्याला ५ ने गुणले की १.८८ मिलिमीटर. कण संवेदकाच्या अगदी जवळच्या काचेवर आहे. तो प्रत्येक फिल्टरच्या चित्रात दिसणार. दुसरे वर्तुळ १००० पिक्सेलांचे आहे. त्याचे अंतर येते १८.८ मिलिमीटर. हा कण बहुधा फिल्टरवर बसला आहे. फिल्टर बदलला की हे वर्तुळ नाहीसे होईल आणि नव्या फिल्टरची स्वतःची वर्तुळे येतील.

कृष्णधवल कॅमेरा वापरणाऱ्याने प्रत्येक फिल्टरची समप्रकाश चित्रे वेगळी का घ्यावीत, याचे उत्तर यातच आहे. तांबड्याचे माप निळ्याला चालत नाही.

पथ्ये

१. कॅमेरा दुर्बिणीवर बसवल्यापासून समप्रकाश चित्रे घेऊन होईपर्यंत तो फिरवू किंवा काढू नये. कॅमेरा फिरला की सावल्यांची जागा बदलते आणि जुन्या खुणा निरुपयोगी होतात.

२. ताऱ्यांवर साधलेली स्पष्टता तशीच ठेवावी. समप्रकाशासाठी नाभी पुन्हा जुळवू नये.

३. कॅमेऱ्याचा गेन ताऱ्यांच्या चित्रांच्या वेळी होता तोच ठेवावा. संवेदक थंड करण्याची सोय असेल तर तापमानही तेच असावे.

४. सामान आवरण्यापूर्वी, त्याच रात्री किंवा पहाटे, हे काम उरकावे. भोर-वेल्ह्याकडे हिवाळ्यात दव पडते. भिंगावर दव असेल तर आधी ते जाऊ द्यावे.

५. आपल्या समप्रकाशाचीही परीक्षा घ्यावी. प्रकाशपाटावर एक संच घ्या. मग दुर्बीण आणि कॅमेरा जागचे न हलवता पाट काटकोनात फिरवून दुसरा संच घ्या. एका संचाला दुसऱ्याने भागा. उत्तर सगळीकडे सारखे आले तर पाट विश्वासू. एका बाजूला उजळ, दुसरीकडे काळसर असा उतार दिसला तर खोट पाटात आहे. कॅमेऱ्यावर आळ नको.

समप्रकाश चित्राकडून भलती अपेक्षाही करू नये. शिरवळच्या किंवा पुण्याच्या दिव्यांनी आकाशात जो उजेड मिसळला, तो त्याने जात नाही. तो उजेड पासंगासारखा वरून मिळवलेला आहे. तो नंतर वेगळा वजा करावा लागतो. पण ती वजाबाकी नीट व्हायची असेल, तर मापांची खोट आधी निघालेली हवी. आकाशाचा उजेड १००० आणि त्यावर फिकट तेजोमेघाचा उजेड अवघा २० असेल, तर कोपऱ्यातील २० टक्के काळोखाने होणारी २०० ची चूक तेजोमेघाच्या दहापट आहे! फिकट वस्तू तेवढ्यानेच हरवते.

एका टक्क्याची किंमत

चित्र सुंदर दिसावे एवढ्यासाठीच ही खटपट आहे का? नाही. १९९९ साली महाश्व तारकासमूहातील ‘एचडी २०९४५८’ या ताऱ्याचा प्रकाश ठरावीक वेळी किंचित मंदावतो असे आढळले. ताऱ्यासमोरून जाणारा त्याचा ग्रह प्रकाश अडवत होता. सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाचे असे अधिक्रमण तेव्हा प्रथमच टिपले गेले. प्रकाश किती कमी झाला होता? दीड टक्क्याहून किंचित जास्त. आणि हे पाहणाऱ्यांपैकी डेव्हिड शार्बोनो या तरुण संशोधकाच्या गटाची दुर्बीण होती अवघ्या दहा सेंटिमीटर व्यासाची.

आता विचार करा. धुळीच्या एका वर्तुळात प्रकाश सहज दोन टक्क्यांनी कमी होऊ शकतो. तीन तासांच्या निरीक्षणात तारा सरकत सरकत त्या वर्तुळात शिरला, तर त्याचा प्रकाश मंदावलेला दिसेल आणि बाहेर पडला की पुन्हा वाढेल. आपल्याला वाटेल, ग्रह सापडला! सापडलेला असेल तो फिल्टरवरचा कण. याउलट खरा ग्रह समोरून जात असेल आणि त्याच वेळी तारा वर्तुळातून बाहेर येत असेल, तर तो ग्रह आपल्या हातून निसटेल.

करून पाहा: ज्यात उद्‌भासन हाताने ठरवता येते असा डिजिटल कॅमेरा शाळेत किंवा ओळखीच्या कोणाकडे असेल, तर त्याच्या भिंगावर पांढरे कापड ताणून बांधा. भिंगाचे द्वारक पूर्ण उघडे ठेवून सूर्याच्या विरुद्ध बाजूच्या आकाशाचे चित्र घ्या. मग द्वारक बरेच लहान करून, उद्‌भासन तेवढेच वाढवून दुसरे घ्या. संगणकावर दोन्हींचा काळा-पांढरा भेद वाढवून पाहा. पहिल्यात कोपरे जास्त काळे दिसतील. दुसऱ्यात ते उजळतील, पण संवेदकावरच्या धुळीचे ठिपके लहान आणि ठसठशीत होतील. द्वारक लहान केल्यावर प्रकाशाचा शंकू अरुंद होतो. मग सावली लहान का झाली, हे वरच्या सूत्रावरून तुम्हीच सांगा.